विकणारे नेमके किती जण? कर्वेनगरातला जुना फ्लॅट घेतानाचा अनुभव

नवीन बांधकामात पैसे अडकवायचे नाहीत, एवढं एकच आमचं आधीपासून ठरलेलं होतं. भाडं आणि हप्ता दोन्ही एका वेळी झेपणार नव्हतं. त्यामुळे रीसेलचा, लगेच राहायला जाता येईल असा फ्लॅट शोधत होतो. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात कर्वेनगरला १९९८ सालच्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट पसंत पडला. घासाघीस होऊन ७२ लाखांवर बोलणं थांबलं आणि आम्हाला वाटलं, अवघड भाग संपला. प्रत्यक्षात खरेदीखत व्हायला सप्टेंबर उजाडला. किमतीवर आम्ही जेमतेम तीन-चार दिवस बोललो असू. बाकी सगळा काळ गेला तो हा फ्लॅट विकण्याचा हक्क नेमका कुणाकुणाला आहे, हे ठरवण्यात.

एजंटचं म्हणणं सरळ होतं. "ताई, पेपर एकदम क्लिअर आहेत, मालक एकटाच आहे. परवापर्यंत पाच लाख विसार द्या, दुसरी पार्टी पण तयार आहे." दुसरी पार्टी प्रत्येक फ्लॅटला तयारच असते, हे तोवर कळून चुकलं होतं. आम्ही ५१,००० रुपयांचा चेक दिला आणि विसार पावतीत एक वाक्य घालून घेतलं: मालकी हक्क निर्वेध नाही असं वकिलांच्या तपासणीत निघालं, तर पूर्ण रक्कम १५ दिवसांत परत. एजंटला ते आवडलं नाही. विकणाऱ्यांची मात्र काही हरकत नव्हती. तुम्ही कितीही घाईत असलात तरी हे वाक्य सोडू नका, आणि विसार रोखीनं देऊ नका. मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीनं घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो, त्यामुळे समोरच्याच्याही ते हिताचंच आहे.

विकणारे म्हणजे साधारण माझ्याच वयाचे एक गृहस्थ. पुढे इतक्या वेळा भेटी झाल्या की मी त्यांना दादाच म्हणायला लागले. त्यांच्या वडिलांनी हा फ्लॅट बिल्डरकडून थेट घेतला होता. वडील २०११ मध्ये गेले. सोसायटीत नॉमिनी म्हणून दादांचं नाव होतं, त्यामुळे सोसायटीनं शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर करून दिलं होतं. मेंटेनन्सची पावती त्यांच्या नावाची, वीजबिलही त्यांच्याच नावाचं. म्हणजे झाले की मालक, असं त्यांना वाटत होतं आणि आम्हालाही.

आमच्या वकीलबाईंनी शेअर सर्टिफिकेट पाहिलं, बाजूला ठेवलं आणि १९९८ चा मूळ करारनामा आणि इंडेक्स टू (दस्त नोंदणीचा सरकारी उतारा) मागितला. त्यावर अर्थातच वडिलांचं नाव. मग त्यांनी सांगितलं की नॉमिनी हा सोसायटीच्या दृष्टीनं ज्याच्याशी व्यवहार करायचा तो माणूस. मालकी ठरते वारसा हक्कानं. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ मध्ये झालेल्या बदलानंतर तर नॉमिनीला सोसायटी तात्पुरता सभासद करून घेते, खरे वारस ठरेपर्यंत. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नव्हतं. म्हणजे हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६. पत्नी, मुलगा, मुलगी सगळ्यांचा सारखा हिस्सा. दादांची आई आणि नाशिकला असलेली बहीण, दोघींच्या सह्या लागणार. एवढं ऐकल्यावर इथवरचा अंदाज आम्हालाही आला होता.

पुढचा प्रश्न मात्र कुणाच्याच ध्यानीमनी नव्हता. बाईंनी दादांना विचारलं, "वडील गेले तेव्हा त्यांच्या आई होत्या का?"

होत्या. आजी २०१४ मध्ये गेल्या.

या कायद्यात मृत व्यक्तीची आईसुद्धा पहिल्या वर्गातली वारस असते, पत्नी-मुलांच्या बरोबरीनं. म्हणजे २०११ मध्ये फ्लॅटचे चार हिस्से झाले: आई, दादा, बहीण आणि आजी, प्रत्येकी एक चतुर्थांश. आजी मृत्युपत्र न करता गेल्यावर त्यांचा चतुर्थांश त्यांच्या मुलांकडे गेला. मुलं तीन: दादांचे वडील (त्यांच्या वाट्याचं दादा आणि बहीण यांना), काका आणि आत्या. चतुर्थांशाचे तीन भाग म्हणजे प्रत्येकी पूर्ण फ्लॅटचा बारावा हिस्सा. बाईंनी तिथेच कागदावर ७२ भागिले १२ मांडलं. काकांचे सहा लाख आणि आत्याचे सहा लाख.

दादांचा चेहरा पडला. काका आणि आत्या यांचा या फ्लॅटशी आयुष्यात कधी संबंध आला नव्हता. हा हिस्सा नजरेतून सुटणं किती सोपं आहे! शेअर सर्टिफिकेट, वीजबिल, मेंटेनन्सच्या पावत्या, कुठल्याच कागदावर आजींचं नाव नाही. ते बाहेर आलं फक्त दोन मृत्यू दाखल्यांवरच्या तारखा शेजारीशेजारी ठेवल्यावर. वारसा हक्कानं आलेलं घर घेत असाल, तर कुटुंबातल्या सगळ्या मृत्यू दाखल्यांच्या प्रती मागा आणि तारखांचा क्रम लावून बघा.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या. एक, काका आणि आत्या यांना आमच्या करारात संमती देणार म्हणून सामील करून घ्यायचं. दुसरी, त्यांनी आधी दादा, आई आणि बहीण यांच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि मग तिघांनी आम्हाला विकायचं. आम्ही ५० लाखांचं गृहकर्ज घेणार होतो आणि बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांना दुसरी वाट हवी होती. कोर्टाच्या वारस दाखल्याचा विषयही निघाला. तो आजही १८२७ सालच्या मुंबई रेग्युलेशनखाली मिळतो हे ऐकून मला गंमत वाटली, पण त्यात किती महिने जातील हे ऐकून वाटेनाशी झाली. सुदैवानं बँकेचं काम सगळ्या वारसांची प्रतिज्ञापत्रं, मृत्यू दाखले आणि हक्कसोडपत्रावर भागलं. प्रत्येक बँकेचं भागेलच असं नाही, तेव्हा कर्जाचा अर्ज करतानाच विचारून घ्या.

मग थांबणं आलं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. काका पहिल्याच फोनला म्हणाले, "भावानं घेतलेलं घर, त्यात आम्ही कशाला हात घालू?" आत्याही तेच म्हणाल्या, पण त्यांच्या मुलाला समजून घ्यायचं होतं. त्यानं कागद मागवले, स्वतःच्या ओळखीच्या वकिलाला दाखवले, दोनदा फोनवर बारीकसारीक विचारलं. दादांना राग आला होता. मला उलट बरं वाटलं. ऐंशीच्या घरातल्या आपल्या आईची सही सहा लाखांच्या कागदावर घेतली जात असताना कुणीतरी प्रश्न विचारायलाच हवेत. आज नीट विचारून झालेली सही उद्या कुणी कोर्टात ओढत नाही. या काळात आम्ही एकदाही काका-आत्यांशी थेट बोललो नाही. तो त्यांच्या घरातला विषय होता, आणि विकत घेणाऱ्यानं त्यात पडलं की शब्द वाढतात.

याच दिवसांत वकीलबाईंनी बाकीची कामं उरकली. दुय्यम निबंधक कार्यालयात तीस वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या दस्तांच्या नोंदींचा शोध, घेतला. ऑनलाइन शोध आता घरबसल्या करता येतो, पण जुन्या वर्षांच्या सगळ्या नोंदी तिथे सापडतीलच असं नाही, म्हणून प्रत्यक्ष सर्च आणि त्याचा लेखी अहवाल घ्याच. वडिलांनी काढलेलं जुनं कर्ज २००८ मध्येच फिटलं होतं, त्याचं बँकेचं पत्रही सापडलं. एका मराठी आणि एका इंग्रजी वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, हरकतीला १४ दिवसांची मुदत. नोटिशीवर फोन आले ते सगळे इस्टेट एजंटांचे. सर्च, नोटीस, मसुदे आणि नोंदणीच्या दिवशी हजर राहणं, सगळं धरून वकिलांचे आम्ही ३५,००० रुपये दिले. ७२ लाखांच्या व्यवहारात हा खर्च मला अजिबात जड वाटला नाही. एजंटचं एक टक्का कमिशन मात्र वाटलं.

मार्चअखेरीस एजंट पुन्हा मागे लागला, की १ एप्रिलपासून रेडी रेकनरचे, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी मूल्याचे, दर वाढणार आहेत, त्याआधी करार करून टाका. दर खरंच वाढले. पण मुद्रांक शुल्क करारातली किंमत आणि रेडी रेकनरचं मूल्य यांतलं जे जास्त असेल त्यावर लागतं. आमच्या फ्लॅटचं सरकारी मूल्य नव्या दरानंही ७२ लाखांच्या बरंच खाली होतं. घाई करायचं काही कारण नव्हतं.

मेच्या शेवटी हक्कसोडपत्र झालं. त्याची नोंदणी पुण्यात होणार होती, म्हणजे आत्यांना सांगलीहून पुण्याला यावं लागलं असतं. त्याऐवजी त्यांनी सांगलीतच दुय्यम निबंधकांसमोर कुलमुखत्यारपत्र केलं, काकांच्या नावे. दादांच्या नावे करू नका, असं आमच्या बाईंनी मुद्दाम सांगितलं होतं. ज्याला हिस्सा मिळणार त्याच्याच हाती सोडणाऱ्याचा मुखत्यार, हे पुढे कुणाच्याही डोळ्यावर येऊ शकतं. हक्कसोडपत्राला मुद्रांक किती लागेल हे नातं आणि मालमत्तेचं स्वरूप बघून ठरतं. तो खर्च विकणाऱ्यांनी केला, तसं आम्ही आधीच लिहून घेतलं होतं.

त्यानंतर सोसायटी. आदर्श उपविधींनुसार फ्लॅट हस्तांतराला सोसायटीची एनओसी सक्तीची नाही, पण कर्ज घेणाऱ्याला हे वाक्य बँकेत म्हणून दाखवून काही उपयोग होत नाही. बँकेला ती हवीच असते. समितीनं आधी बिल्डिंग फंड म्हणून ५०,००० रुपये मागितले. ९ ऑगस्ट २००१ च्या शासकीय परिपत्रकाप्रमाणे महापालिका हद्दीत हस्तांतर प्रीमियम जास्तीत जास्त २५,००० रुपये घेता येतो, आणि त्यापलीकडे देणगी वगैरे नावानं मागता येत नाही. भांडण न करता परिपत्रकाची प्रत जोडून अर्ज दिला. सेक्रेटरी काका वाचून म्हणाले, "बरं, पुढच्या मीटिंगला ठेवतो." पुढच्या मीटिंगनंतर २५,००० प्रीमियम, ५०० हस्तांतर शुल्क आणि १०० प्रवेश शुल्क अशी पावती मिळाली. उद्या त्याच जिन्यात राहायचं असतं, त्यामुळे सूर सांभाळलेला बरा.

सोसायटीच्या फायलीतून आणखी दोन गोष्टी कळल्या. भोगवटा प्रमाणपत्र होतं, उत्तम. पण जमीन अजून मूळ मालकाच्याच नावावर. बिल्डरनं कन्व्हेयन्स, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावे करणारा दस्त, करून दिलेलं नाही आणि सोसायटीनं मानीव अभिहस्तांतरणासाठी, म्हणजे बिल्डरशिवायच जमीन नावावर व्हावी म्हणून, जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज केला आहे. पुण्यात जुन्या सोसायट्यांची ही गोष्ट इतकी सर्रास आहे की यावर अडून बसलो असतो तर घरच मिळालं नसतं. तरी अर्जाची पोच आणि प्रॉपर्टी कार्डाचा उतारा बघून घेतला, कारण उद्या पुनर्विकास निघाला की पहिला प्रश्न जमीन कुणाची हाच येतो. दुसरी गोष्ट पार्किंगची. जाहिरातीत ‘कव्हर्ड पार्किंगसह’ असं होतं. स्टिल्ट पार्किंग, म्हणजे इमारतीखालची खांबांमधली जागा, बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्येच सांगितलं आहे. वाटप सोसायटी करते. म्हणून पार्किंगची किंमत वेगळी न लावता, ती जागा दादांना दिल्याचं सोसायटीचं पत्र घेतलं आणि ती आम्हाला पुढे चालू राहील असं एनओसीत लिहून घेतलं.

नाव कुणाचं लावायचं यावर घरात थोडी चर्चा झाली. पुण्यात निवासी घरावर सगळे अधिभार धरून मुद्रांक शुल्क सात टक्के आहे, आणि खरेदीदार फक्त महिला असेल तर एक टक्का कमी. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. बायकांनी पंधरा वर्षं पुरुषाला विकायचं नाही ही जुनी अट २०२३ मध्ये काढून टाकली आहे. फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर घेतला, कर्जात तो सहकर्जदार. ७२,००० वाचले. मुद्रांक ४,३२,००० आणि नोंदणी फी कमाल मर्यादेइतकी, म्हणजे ३०,०००. दोन्ही ग्रास या सरकारी साइटवर ई-चलनानं भरले. रीसेलवर जीएसटी नसतो. हे लिहायचं कारण इतकंच की आम्हाला तो भरायला सांगणारे दोन जण भेटले.

टीडीएसचा भाग जरा समजून घ्या. ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर घेताना विकणाऱ्याच्या रकमेतून एक टक्का कापून सरकारजमा करायची जबाबदारी आपली असते. आमच्या करारात तिघांना प्रत्येकी २४ लाख जाणार होते. एका ओळखीच्यांनी सांगितलं, कुणालाच ५० लाख मिळत नाहीत, म्हणजे टीडीएस नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून असं चालत नाही, विकणारे कितीही असले तरी एकूण किंमत बघतात. टीडीएस भरायचे फॉर्म २६क्यूबी आम्ही तिघांसाठी तीन वेगवेगळे भरले, प्रत्येकी २४,०००. मुदत कापल्याच्या महिन्याच्या अखेरीपासून ३० दिवस. त्याआधी प्रत्येक विकणाऱ्याचं पॅन आधारशी जोडलेलं आहे का ते बघा, कारण पॅन निष्क्रिय असेल तर एक टक्क्याचे वीस टक्के होऊ शकतात. दादांच्या आईंचं जोडलेलं नव्हतं. त्याला आठवडा गेला, पण करार व्हायच्या आत झालं. आणि विकणाऱ्यांपैकी कुणी अनिवासी असेल तर हे सगळं गणितच वेगळं, तिथे सीए गाठा.

साठेखताची, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री कराराची, नोंदणी २२ ऑगस्टला, शुक्रवारी झाली. पुणे शहरातल्या मालमत्तेला हवेली तालुक्याच्या कुठल्याही दुय्यम निबंधक कार्यालयात जाता येतं, म्हणून काकूंना, म्हणजे दादांच्या आईंना, जिना चढावा लागणार नाही असं तळमजल्यावरचं निवडलं. दस्ताची माहिती आधीच ऑनलाइन भरलेली होती. तरी दोन तास बाकावर गेले. मूळ पॅन, आधार, दोन साक्षीदार, आणि सोबत पाण्याची बाटली असू द्या.

काकूंचा अंगठा मशीन घेईना. ऑपरेटर मुलगा "आजी, जरा दाबून" म्हणत होता, ठसे पुसट झालेले. बहिणीनं रुमाल ओला करून बोट पुसलं, पुन्हा ठेवलं. ते चालू असताना काकूंचं लक्ष समोरच्या स्क्रीनवर होतं. त्या म्हणाल्या, "यांचं नाव चुकलंय." खरंच, मयत पतीच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ झाली होती. आम्ही सगळ्यांनी तो मसुदा वाचला होता, वकिलांनीही. मुलानं तिथल्या तिथे दुरुस्त केलं. नोंदणी पूर्ण झाल्यावर लक्षात आलं असतं तर सगळ्यांना पुन्हा बोलावून चूक दुरुस्ती दस्त करावा लागला असता. स्क्रीनवरचं सगळं, नावं, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ, अंगठा देण्याआधी मोठ्यानं वाचायला सांगा. मागे रांग असली तरी सांगा.

बँकेनं कर्जाचा डीडी काढण्याआधी टीडीएसची चलनं मागितली, त्यामुळे आम्ही ती ऑगस्टमध्येच भरून टाकली. मग पितृपक्ष लागला. काकूंची इच्छा नव्हती आणि आम्हीही ताणलं नाही. घटस्थापनेला, २२ सप्टेंबरला, खरेदीखत झालं आणि डीडी टेबलावरच दिले. साठेखताला पूर्ण मुद्रांक भरलेला असतो, तो खरेदीखताला वजा मिळतो, पुन्हा सगळा भरावा लागत नाही. मूळ कागद बँकेत गहाण म्हणून जमा झाले. त्याची नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाण ठेवल्याची सूचना) ३० दिवसांत दाखल करायची असते, तिचा मुद्रांक आणि फी वेगळी. हा खर्च बजेटमध्ये धरून ठेवा. बँकेकडून जमा कागदांची सही-शिक्क्याची यादी घ्या आणि प्रत्येक पानाचा रंगीत स्कॅन ठेवा. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत दिले नाहीत तर बँकेनं दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून आहे. पण काय परत मिळायचं होतं हे सांगायला यादी लागते.

विकणाऱ्यांना फॉर्म १६बी (टीडीएसचा दाखला) डाउनलोड करून पाठवले, महावितरणच्या वीजबिलावरचं नाव ऑनलाइन बदललं. महापालिकेत मिळकत कराला नाव लावायचा अर्ज दिला आणि सोबत पीटी-३ अर्जही. स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात ४० टक्के सवलत मिळते, आधीच्या मालकाला ती मिळत होती म्हणून आपल्याला आपोआप सुरू राहील असं धरून चालू नका. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढायचं अजून बाकी आहे. सेक्रेटरी काकांना गेल्या रविवारी विचारलं, तर म्हणाले, "पुढच्या मीटिंगला ठेवतो."